नळ्यांतली संध्याकाळ

दिवेबाईंनी दिव्यांच्या बोर्डावरची दांडी खाली ओढायला सुरुवात केली, तेव्हा रंगमंचावरचा म्हातारा नावाडी पायरीवर बसून आपल्या लेकीला सांगत होता की नदीवर पूल झाल्यापासून नावेत कुणी बसत नाही. मागच्या पडद्यावरचं आभाळ थोडं फिकटलं. बाईंनी श्वास धरला. दांडी आणखी बोटभर खाली आली आणि पडद्यामागच्या नळ्या एकाएकी फडफडल्या. दोन विझल्या, त्यांतली एक पुन्हा पेटली, एक टोकाला लालसर होऊन लुकलुकत राहिली, आणि मग सगळं आभाळच फट्‌दिशी गेलं. नावाड्याचं वाक्य तोंडातल्या तोंडात राहिलं.

प्रेक्षागृहाच्या काळोखातून दिग्दर्शकाचा आवाज आला.

"बाई, संध्याकाळ झाली की फ्यूज उडाला?"

विंगेत कुणीतरी फिसकन हसलं. दिवेबाईंनी दांडी वर ढकलली. नळ्या झोपमोड झाल्यासारख्या एकेक करून जाग्या झाल्या आणि नदीकाठी पुन्हा टळटळीत दुपार झाली.

दिवेबाई हे त्यांचं नाव नव्हे, पण खरं नाव आता त्यांच्या लेकीखेरीज कुणाच्या तोंडी नव्हतं. उभा जन्म त्यांनी विंगेतल्या या बोर्डापाशी काढला होता. त्यांनी रंगमंचावर आणलेल्या संध्याकाळी नावाजलेल्या होत्या. अमुक नाटक पडलं पण त्यातली संध्याकाळ उभी राहिली, असं नाटकवाले म्हणत, आणि ते कानावर आलं की बाई पदर सारखा करून दुसरीकडे बघत. अंधार करणं कुणालाही जमतं, त्या म्हणत, पण अंधार होऊ देणं जमायला लागतं.

घोळ केला होता तो नाट्यगृहाने. पूर्वी मागच्या पडद्याच्या पाठीमागे बल्बांच्या रांगा होत्या. त्यांची धग इतकी की एका उन्हाळ्यात पडद्याला ताटलीएवढं भोक पडलं आणि थोडक्यात निभावलं. नाट्यगृहाने बल्ब काढले आणि त्या जागी ट्यूबलाईटच्या नळ्या बसवल्या. निळ्या, तांबूस, पांढऱ्या. थंडगार. पण उजेड कमी-जास्त करणारा बाईंचा जुना डिमर बल्बांसाठी घडलेला होता. नळ्या त्याला दाद देईनात. तिसऱ्या हिश्शापर्यंत कशाबशा उतरायच्या, मग हे असं.

तालीम संपल्यावर दिग्दर्शक बोर्डापाशी आला. माणूस वाईट नव्हता, घाईत होता.

"बाई, शेवटचा प्रसंग आपण उजेडातच संपवू. नावाड्याचं बोलणं झालं की पडदा."

"त्यानंतर ती दोघं नुसती बसतात ना?"

"तेच म्हणतोय मी. संध्याकाळच होणार नसेल तर नुसती कशाला बसतील? लोक खोकायला लागतील."

बाईंना हे पटलं, म्हणूनच जास्त लागलं. बाप आणि लेक न बोलता बसून राहतात आणि त्यांच्यावर संध्याकाळ उतरते, एवढंच तर त्या नाटकाचं सार होतं. आता ते सार काढून टाकायचं, कारण नळ्या ऐकत नाहीत.

"पहिल्या प्रयोगाला महिना आहे," त्या म्हणाल्या. "तोवर हात लावू नका त्याला."

रविवारी त्या लेकीकडे जेवायला गेल्या. गेल्या म्हणजे लेकीकडे गेल्या. जावई तिथे असायचा, एवढंच.

जावयाविषयी बाईंचं मत पहिल्याच भेटीत ठरलं होतं. लेक त्याला पहिल्यांदा घरी घेऊन आली, तेव्हा बाईंनी विचारलं, "चहा घेणार की कॉफी?" तो बघत राहिला. बाई स्वयंपाकघरात गेल्या, चहा उकळला, गाळला, कप त्याच्या हातात दिला, आणि तेव्हा तो म्हणाला, "कॉफी चालेल."

"आई, तो विचार करून बोलतो," लेक नंतर म्हणाली होती.

"त्यात विचार करण्यासारखं काय आहे? चहा आहे, नाहीतर कॉफी."

त्या दिवशीच बाईंनी त्याचं नाव ट्यूबलाईट ठेवलं. याच्या डोक्यात चोक बसवलाय, त्या म्हणायच्या, आधी दोनदा लुकलुकतो, मग पेटतो. नाव नात्यागोत्यात पसरलं. एकदा ते त्याच्याही कानावर गेलं आणि तो मनापासून हसला, पण तेही सगळ्यांचं हसून झाल्यावर. पुढे लग्न झालं, वर्षं गेली. बाई त्याला अहो-जाहो करत, ताटात आग्रहाने वाढत, आणि त्याच्याशी दोन वाक्यांपलीकडे बोलत नसत. तो ट्यूबलाईटसाठी इलेक्ट्रॉनिक चोक बनवणाऱ्या कारखान्यात कामाला आहे, हे त्यांना ठाऊक होतं. पण तिथे तो नेमकं काय करतो, ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

त्या रविवारी जेवताना बाईंनी नळ्यांचा यथेच्छ उद्धार केला. नळ्यांना लाज नाही, नळ्यांना मर्यादा नाही, दोनच गोष्टी येतात मेल्यांना, असणं आणि नसणं. लेक "हो ना, हो ना" करत होती. जावई मान खाली घालून भात कालवत होता. मग विषय निघाला लेकीच्या पाठदुखीचा, त्यावरून गादीचा, त्यावरून शेजाऱ्यांच्या कुत्र्याचा. जेवणं झाली, भांडी झाली. बाई पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या, तेव्हा मागून आवाज आला.

"किती वेळाची असते?"

बाई वळल्या. "काय?"

"संध्याकाळ."

लेकीने हसू दाबलं. बाईंनी जावयाकडे नीट पाहिलं. तो थट्टा करत नव्हता.

"नऊ मिनिटं."

"आणि शेवटी किती उजेड उरायला हवा?"

"काहीच नाही. पण तो गेल्याचं कळता कामा नये."

जावयाने मान डोलावली. बाई जिना उतरून फाटकापर्यंत पोचल्या, तेव्हा तो वरून गॅलरीत आला आणि म्हणाला, "मला त्या नळ्या बघायला आवडतील."

सोमवारी नाट्यगृह बंद असे. जावई रजा टाकून आला, हातात एक जुनी प्रवासी पेटी. पडद्यामागच्या अरुंद जागेत तो आडवा चालत गेला, एकेक नळी न्याहाळत परत आला, आणि धुळीने माखलेला सदरा झटकत बराच वेळ उभा राहिला. बाई मनात म्हणाल्या, लुकलुकतोय.

"दोष नळ्यांचा नाही, आई," तो अखेर म्हणाला. "त्यांना तुम्ही बल्बसारखं वागवताय."

"म्हणजे कसं?"

"बल्बात तार असते. वीज कमी द्या, ती कमी तापते, कमी उजळते. साधा जीव आहे. नळीत तार नाही, वायू आहे. वीज त्याच्यातून जाते. ती चालू ठेवायची तर नळीची दोन्ही टोकं गरम हवीत. तुम्ही दांडी ओढता, तेव्हा टोकंही थंड पडतात. मग ती फडफडते आणि विझते."

"मग?"

"मधली वीज कमी करायची, टोकांची ऊब तशीच ठेवायची. दोन्ही वेगवेगळं सांभाळायचं."

बाईंनी क्षणभर विचार केला. "आजारी माणसासारखं. खायला कमी, पण पाय गरम."

जावई पुन्हा थांबला. मग त्याचा चेहरा उजळला. "अगदी तसंच," तो म्हणाला.

त्याने कारखान्यातून परवानगी काढून आपल्या हाताने जुळवलेले चोक आणले. जुने जड चोक नळ्यांपाठीमागे गुणगुणत असत. ते निघाले तशी पडद्यामागे अशी शांतता झाली की बाईंना आधी कळेचना काय हरवलं. विजेची लहर आता इतक्या वेगाने नळीतून ये-जा करणार होती, की ती कानालाही ऐकू येणार नव्हती आणि डोळ्यालाही जाणवणार नव्हती. बोर्डावर जुन्या दांडीच्या शेजारी त्याने बोटाएवढी नवी दांडी बसवली.

पहिल्यांदा ती ओढली तेव्हा नळ्या उतरल्या. फडफडल्या नाहीत, रुसल्या नाहीत, तिसऱ्या हिश्शाच्या खाली गेल्या आणि तिथेच मुकाट राहिल्या. बाईंनी तोंडावर हात घेतला, पण जावई बघायच्या आत तो खालीही घेतला.

जावई रिकाम्या रंगमंचावर प्रकाशाचं मीटर धरून उभा होता. "आता बरोबर अर्धा," तो म्हणाला.

"कशाचा अर्धा?"

"उजेडाचा."

"छे! अजून चार पण वाजले नाहीत इथे."

जावयाने मीटरकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "मीटर अर्धा म्हणतंय."

"त्याला म्हणावं, नाटक बघायला माणसं येणारेत. माणसाचा डोळा लबाड असतो. उजेड कमी झाला की तो आपलं दार जास्त उघडतो. अर्धा उजेड काढून घेतला तरी त्याला पत्ता लागत नाही. आणि शेवटी शेवटी चिमूटभर काढला तरी बोंब मारतो."

हे जावयालाही ठाऊक होतं. त्याच्या धंद्यात त्यासाठी वेगळी आकडेमोड होती. पण असं कुणी सांगितलेलं त्याने ऐकलं नव्हतं. त्याने मीटर खिशात टाकलं आणि दांडीपाशी येऊन बसला.

"तुम्ही वाजले किती ते सांगा," तो म्हणाला. "मी दांडी तशी लावतो."

मग त्या दोघांचे ते सोमवार सुरू झाले. बाई पाचव्या रांगेत बसत आणि वेळ सांगत. "साडेचार. पाच. पाच वाजताना तांबूस जरा वाढू द्या, निळ्याला गप्प बसवा. हं. आता गुरं परतली. आता दिवेलागण. नाही, फार झालं, माघारी या, अजून माणसाचा चेहरा दिसायला हवा." जावई ऐकायचा, थांबायचा, पेचकसाने कुठेतरी केसभर फिरवायचा. कुणी बाहेरचा आला असता तर त्याला वाटलं असतं, इथे दोन वेडी माणसं भर सकाळी संध्याकाळ विकत घ्यायला बसलीत आणि पसंत पडत नाहीये.

बाई घरी गेल्यावर लेकीला फोन करत. पूर्वी त्या विचारत, "तू जेवलीस का?" आता विचारू लागल्या, "आज त्यांनी डबा नीट खाल्ला नाही, त्यांना भूक नव्हती का?" लेक म्हणे, "विचारते हं."

तालमीच्या दिवशी मात्र नशीब फिरलं. नावाडी पायरीवर बसला, लेक त्याच्या शेजारी. पाच झाले, गुरं परतली, दिवेलागण झाली. आणि त्या मंद, हळव्या उजेडात मागच्या आभाळात काहीतरी वळवळलं. नळ्यांमध्ये उजेड-अंधाराचे बारीक पट्टे पडले होते आणि ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरपटत होते. पडद्यावर त्यांच्या सावल्या हलत होत्या.

"थांबा, थांबा!" दिग्दर्शक उठला. "बाई, आभाळात गांडुळं निघालीत."

आता कुणी दबून हसलं नाही, सगळेच मोकळेपणाने हसले. नावाडीसुद्धा. दिग्दर्शकाने चष्मा काढून डोळे चोळले.

"पुरे झालं. तुम्ही दोघांनी खूप केलंत, मी मानतो. पण माझ्याकडे दिवस उरले नाहीत. शेवटचा प्रसंग कापतोय. आवरा सगळं."

जावई बोर्डापाशी उभा होता, नळ्यांकडे टक लावून. दिग्दर्शकाने त्याला विचारलं, "हे तुम्हाला काढता येईल? येईल की नाही, एवढंच सांगा."

जावई बोलला नाही.

"बघा," दिग्दर्शक म्हणाला, आणि जायला वळला.

"थांबा," दिवेबाई म्हणाल्या. "माझे जावई बोलतील."

"बाई, मी विचारलं, ते गप्प आहेत."

"गप्प नाहीत. बोलायला निघालेत. वाटेत आहेत. जरा दम धरा."

त्यांनी हे ज्या स्वरात म्हटलं, त्या स्वरापुढे या नाट्यगृहात आजवर कुणाचं चाललं नव्हतं. दिग्दर्शक थांबला. नावाडी पायरीवरच बसून राहिला. कुणीतरी घसा खाकरला आणि बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरी खाकर झाली नाही. जावई नळ्यांकडे बघत होता. त्याचे ओठ किंचित हलत होते. बाईंचा हात खुर्चीच्या पाठीवर होता. घाई न करता थांबायची त्यांच्या हातांना आयुष्यभराची सवय होती, आणि ती सवय आजवर या माणसासाठी त्यांनी कधी वापरली नव्हती, हे त्या खुर्चीच्या पाठीवर बोटं घट्ट रोवून उभ्या असताना त्यांना कळलं.

"पट्टे काढता येणार नाहीत," जावई म्हणाला.

दिग्दर्शकाने हात हवेत उडवले.

"पण पळवता येतील," जावई पुढे म्हणाला. "उजेड फार कमी झाला की वायूत असे पट्टे पडतातच. आता ते सावकाश चालतायत, म्हणून दिसतायत. मी वीज दोन्ही बाजूंनी अगदी सारखी ढकलतोय, तिथेच चुकतंय. एका बाजूने किंचित जास्त ढकलली, तर पट्टे इतके भरधाव धावतील की डोळ्याला दिसणारच नाहीत. सोमवारी दाखवतो."

"नक्की?"

हे उत्तर मात्र ताबडतोब आलं. "नक्की."

दिग्दर्शकाने बाईंकडे पाहिलं. बाईंनी पदर सारखा केला आणि दुसरीकडे पाहिलं. पण हसू काही लपलं नाही.

सोमवारी गांडुळं गेली. आभाळ अगदी तळाशी जाऊनही तळ्याच्या पाण्यासारखं स्थिर राहिलं. पण शेवटची गाठ बाकी होती. उजेड उतरत उतरत नखाएवढा उरला की त्याच्याखाली नळ्या जाईनात. तिथून त्या थेट विझत, सगळ्या एकसाथ. इतक्या निगुतीने आणलेली संध्याकाळ शेवटी दार आपटून निघून जाई.

"एवढ्याशा उजेडाखाली नळी तग धरत नाही, आई," जावई म्हणाला. तो बोर्डापाशी जमिनीवरच बसला होता, थकून. "तिथून शून्यावर उडीच आहे. विज्ञानच तसं आहे."

बाईंनी थर्मासमधून कॉफी ओतली, त्याच्या हातात दिली. स्वतःही त्याच्या शेजारी खाली बसल्या, गुडघे कुरकुरले तरी.

"उडी टळत नाही म्हणता?"

"नाही टळत."

"मग सगळ्यांनी एकदम कशाला मारायची? घरी माणसं जमलेली असतात ना, ती कशी जातात? एक सगळ्यात आधी निघतो, त्याला कुठेतरी पोचायचं असतं. दोघंजण उठतात आणि दारात बोलत राहतात. एक म्हातारी शेवटपर्यंत कोपऱ्यात बसून असते. घर कधी रिकामं झालं, ते कुणालाच सांगता येत नाही."

जावयाने कॉफीचा कप खाली ठेवला. या वेळी त्याची वाट बघावी लागली नाही, तो उठून पडद्यामागे गेलासुद्धा. प्रत्येक नळीची विझायची वेळ त्याने वेगवेगळी केली. कडेच्या तांबूस आधी, मग पांढऱ्या, मग एकाआड एक निळ्या, आणि मधली एक निळी सगळ्यांत शेवटी. तो आतून पेच फिरवत होता, बाई दांडी धरून बाहेरून सांगत होत्या.

"डावीकडची जाऊ द्या. हं. पुढची थांबवा, थांबवा. आता ती. बरोबर. मधली राहू द्या. अजून राहू द्या. आता सोडा. अहो सोडा! अरे, हळू, हळू सोड रे बाळा, तिला कळू देऊ नकोस!"

मधली निळी गेली. केव्हा गेली, ते दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नसतं. काळोखात पडद्यामागून जावई म्हणाला, "सोडली, आई."

बाईंनी दिवे लावले आणि वायर गुंडाळण्यात फार लक्ष घातलं. तोंडून गेलेलं अरे-तुरे त्यांनी परत घेतलं नाही.

पहिल्या प्रयोगाला प्रेक्षागृह भरलं. शेवटी नावाडी आणि त्याची लेक पायरीवर बसली. बाईंनी दांडीवर बोट ठेवलं. पुढची नऊ मिनिटं रंगमंचावर कुणी एक शब्द बोललं नाही, आणि समोरच्या शेकडो माणसांत एकही खोकला उठला नाही. काळोख पूर्ण झाल्यावरही टाळी पडायला वेळ लागला, इतका की दिग्दर्शकाने विंगेत नखं कुरतडली. मग टाळ्या सुरू झाल्या, आणि थांबेचनात.

नंतर तोंडाचा रंग पुसत नावाडी बोर्डापाशी आला. "बाई, इतकी वर्षं नाटकं करतोय," तो म्हणाला, "आज पहिल्यांदा मला त्या पायरीवर घरची आठवण आली."

"हे यांचं काम," बाई म्हणाल्या आणि मागे वळल्या. जावई तिथे नव्हता. तो पडद्यामागे जाऊन चोक तापले नाहीत ना, ते हात लावून बघत होता.

लेकीने आईला बाजूला घेतलं. ती समोर, सातव्या रांगेत बसली होती. तिचे डोळे सुजले होते.

"आई, तू कधी बघितली आहेस तुझी संध्याकाळ?"

"बघायची काय? मीच तर करते."

"तशी नाही. समोरून. खुर्चीत बसून."

बाईंनी आयुष्यात शेकडो संध्याकाळी केल्या होत्या, सगळ्या कडेने पाहिल्या होत्या, विंगेतून, मान वाकडी करून, एक डोळा दांडीवर ठेवून. तालमीत पाचव्या रांगेत बसल्या खऱ्या, पण ते तपासणं होतं. संध्याकाळ स्वतःवर उतरू देणं ही गोष्ट त्यांच्या वाट्याला आली नव्हती, आणि आपल्या वाट्याला ती आली नाही, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

दुसरा प्रयोग दुपारचा होता. तिसरी घंटा व्हायच्या आत बाईंनी जावयाला बोर्डापाशी ओढून आणलं आणि त्याचा हात धरून दांडीवर ठेवला.

"आज तू."

"मी? आई, मला वायरी कळतात. हात तुमचा आहे."

"वेळ तूच बांधलीस. मी फक्त घड्याळ सांगत होते." मग त्या म्हणाल्या, "चुकलास तरी कुणाला कळणार नाही. मला कळेल, पण मी सांगणार नाही."

प्रेक्षागृहात जाण्याचं दार त्यांना पटकन सापडलं नाही. अखेर मागच्या एका रांगेत कडेची खुर्ची मिळाली. शेजारी त्यांच्याच वयाच्या एक बाई मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. नाटक सुरू झालं. दिवेबाईंना त्यातलं एकही वाक्य ऐकू आलं नाही. त्या शेवटाची वाट बघत होत्या.

नावाडी बसला. लेक बसली. आभाळ फिकटू लागलं. चार झाले, साडेचार झाले. आता तांबूस, बाई मनात म्हणाल्या, आणि तांबूस आला. आता गुरं. पण गुरं परतली नाहीत. त्यांनी या घटकेला हात चालवला असता, आणि तिकडे आभाळ नुसतं थबकून राहिलं होतं, ऐन सोनेरी, पुढेही जात नव्हतं, मागेही येत नव्हतं. बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. सोड रे, सोड. नावाड्याने त्या सोनेरी उजेडात मान वळवून लेकीकडे पाहिलं. बाईंनी स्वतः केलेल्या प्रयोगात हे पाहणं अर्ध्या अंधारात बुडालं होतं. आज ते लख्ख दिसलं. म्हातारा कसा बघतो, ते शेवटच्या रांगेपर्यंत दिसलं. आणि मगच आभाळाने हळूच पाऊल उचललं.

खुर्चीच्या हातावरची बाईंची पकड सुटली. दिवेलागण झाली. चेहरे गेले, मग खांदे गेले, मग नुसत्या दोन आकृती उरल्या, मग त्या होत्या की नव्हत्या. कडेची आभा गेली. मधे कुठेतरी निळसर काही राहिलं, आणि तेही राहिलं नाही.

शेजारच्या बाईंनी काळोखात सुस्कारा सोडला आणि शाल खांद्यावर ओढून घेतली. बाहेर अजून ऊन होतं.

"काय बाई," त्या कुजबुजल्या, "जीव कसा कातर झाला."

दिवेबाईंना राहवलं नाही. त्या शेजारी वाकल्या.

"माझा जावई आहे तो," त्या म्हणाल्या.

"अगंबाई! कोण, तो नावाडी?"

"नाही हो," दिवेबाई म्हणाल्या. "मागचं आभाळ."